मुंबई–दुबई सव्वातीन तास, मग सोलापूर–दुबई किती? पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी हिशोबाची रीत

सोलापुरातून परदेशी जाणारे आता फक्त मोठे व्यापारी राहिलेले नाहीत. टॉवेल-चादरीचे नमुने घेऊन प्रदर्शनाला निघालेला यंत्रमागवाला असतो, नोकरी लागलेला पोरगा असतो, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई असते. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती तास लागतात ओ?" ट्रॅव्हल्सवाला सांगतो, तीन तास. मोबाईलवर शोधलं तर सोलापूर ते दुबई २,२९० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ सुमारे तीन तास, असंही लगेच दिसतं. अंतराचा आकडा बरोबर आहे. पण सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून दुबईला थेट विमान नाही, त्यामुळे ते तीन तास कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

म्हणून हा हिशोब ज्याचा त्याला करता यायला हवा. भागाकार आणि घड्याळ एवढ्यावर तो होतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो तिकीट काढण्याआधी करावा. नंतर केला तर फक्त हळहळ उरते.

आधी दिशा बघा, मग विमानतळ ठरवा

सोलापूरकराच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही. परदेशी जायचं म्हणजे मुंबई, असं आपल्याकडे गृहीत धरतात. हैदराबाद आपल्याला तितकंच जवळ आहे, किंबहुना रस्त्याने जास्त जवळ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं तिकडे नातंगोतं, येणं-जाणं असतं. तरी विमान म्हटलं की पाय मुंबईकडेच वळतात.

दुबईसाठी ते योग्यच आहे. सोलापूर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर. मुंबई ते दुबई सुमारे १,९३०. दोन्हींची बेरीज २,२९०, म्हणजे सोलापूर–दुबईचं सरळ अंतर जेवढं तेवढीच. याचा अर्थ मुंबई अगदी वाटेत आहे, तिथून गेल्याने एका किलोमीटरचाही वळसा पडत नाही. याउलट हैदराबादहून दुबई सुमारे २,५५० किलोमीटर. आधी उलट्या दिशेने पूर्वेला जायचं आणि मग विमानातून पुन्हा सोलापूरच्या रेखांशावरूनच पश्चिमेला यायचं. हवेत पाऊण तास जास्त. मस्कत, दोहा, रियाध यांचंही तेच.

आता बँकॉक किंवा सिंगापूर बघा. मुंबई–बँकॉक सुमारे ३,०३० किलोमीटर, हैदराबाद–बँकॉक सुमारे २,४२०. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९२०, हैदराबाद–सिंगापूर सुमारे ३,३००. दोन्हीकडे सहाशे किलोमीटरचा, म्हणजे पाऊण तासाचा फरक, आणि तो हैदराबादच्या बाजूने. शिवाय सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने तीनशेच्या आसपास, तर मुंबई रेल्वेने ४५५ किलोमीटर. पूर्वेच्या प्रवासाला मुंबई धरणारा माणूस दोन्हीकडे जास्त अंतर कापतो.

थोडक्यात, पश्चिमेला जाताना मुंबई आणि पूर्वेला जाताना हैदराबाद. भाड्यात फार मोठा फरक असेल किंवा हैदराबादहून थेट विमान नसेल तरच हा नियम मोडावा. पुण्याहूनही काही परदेशी विमानं सुटतात. ती मोजकी आहेत आणि त्यांचं वेळापत्रक बदलत असतं. तारीख जुळली तर पुण्यासारखी सोय नाही, पण तारीख जुळवण्यासाठी कामच पुढे-मागे करावं लागत असेल तर तिचा हट्ट नको.

हैदराबादच्या बाबतीत अजून एक. तिथला विमानतळ शमशाबादला, शहराच्या दक्षिणेला आहे. सोलापूरहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ पटनचेरूजवळ बाह्य वळण रस्त्याला मिळतो. तिथून वळलात की शहरात न शिरता थेट शमशाबाद. ड्रायव्हर नवखा असेल तर हे त्याला जहिराबादच्या चहाच्या वेळीच सांगून ठेवा, नाहीतर गाडी शहरातल्या गर्दीत अडकते.

अंतर कसं मोजायचं

फोनवर गुगल मॅप्स उघडा, नकाशावर विमानतळाच्या जागी बोट दाबून धरा, टाचणी आली की खाली 'अंतर मोजा' हा पर्याय दिसतो. दुसऱ्या विमानतळापर्यंत रेघ ओढा. मिळालेला आकडा पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर असतं. विमानाचं अंतर म्हणून सगळीकडे सांगतात ते हेच.

मोजताना शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळ धरा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. टोकियोलाही दोन, हानेडा आणि नारिता, आणि नारिता शहरापासून बराच लांब. दुबईतही मुख्य विमानतळाशिवाय दक्षिणेला अल मक्तूम आहे. आपल्या मुंबईतही आता तशी स्थिती आहे: अंधेरीकडचा जुना आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा. तिकिटावर बी-ओ-एम असेल तर जुना, एन-एम-आय असेल तर नवा. पुण्याकडून द्रुतगती मार्गाने येणाऱ्या सोलापूरकराला नवा अलीकडे पडतो. चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या माणसाला मुंबईच्या वाहतुकीतून दुसरा गाठता येईलच असं नाही, म्हणून ही तीन अक्षरं तिकीट हातात आल्याबरोबर वाचा.

सपाट नकाशावर ही रेघ कधीकधी वाकडी दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर सुताचा एक धागा घ्या. एक टोक दिल्लीवर, दुसरं टोकियोवर, आणि धागा ताणून धरा. दिल्ली साडेअठ्ठावीस अक्षांशावर, टोकियो पावणेछत्तीसच्या जवळ. पण ताणलेल्या धाग्याचा मध्य टोकियोच्याही उत्तरेला, साडेछत्तीसच्या आसपास, चीनच्या आत जातो. धागा सरळच आहे. सपाट कागदावर गोल उतरवताना रेघ वाकते. मुंबई–दुबईसारख्या जवळच्या जोडीत हा फरक डोळ्याला जाणवतही नाही.

किलोमीटरचे तास

प्रवासी जेट विमान वर स्थिरावल्यावर ताशी साधारण ८३० ते ९०० किलोमीटरने जातं. लहान अंतराची विमानं खालच्या आकड्याजवळ, मोठी रुंद विमानं वरच्या आकड्याजवळ. पण वर चढणं, खाली उतरणं, धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं यात वेळ जातो. म्हणून मी वापरतो ती रीत अशी: अंतराला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा.

मुंबई–दुबई: १,९३० भागिले ८०० म्हणजे २ तास २५ मिनिटं, अधिक ४०, झाले ३ तास ५ मिनिटं. प्रत्यक्षात वेळापत्रकात जाताना सव्वातीनच्या आसपास आणि येताना पावणेतीन ते तीन तास दिसतात. हैदराबाद–बँकॉक: २,४२० भागिले ८०० म्हणजे ३ तास २ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे पावणेचारच्या आत. सोलापूर–मुंबईसारख्या छोट्या टप्प्यालाही ही रीत लागू पडते. ३६० किलोमीटरला २७ मिनिटं अधिक ४०, म्हणजे सव्वा तासाच्या आत. तिथे हवेतल्या सरळ प्रवासापेक्षा चढण्या-उतरण्याचा वेळच जास्त.

तिकिटावर छापलेला कालावधी म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा वेळ. धावपट्टीच्या रांगेत थांबणं त्यातच धरलेलं असतं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान पंधरा-वीस मिनिटं जमिनीवर रांगेत किंवा वर घिरट्या घालत असतं ते त्यामुळे. खिडकीतून मुंबईचे दिवे दिसतायत आणि विमान उतरत नाही, म्हणून पहिल्या प्रवासात घाबरून जाऊ नका.

जाताना एक वेळ, येताना दुसरी

दुबईला जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का, हे बहुतेकांना कोडं वाटतं. उत्तर वाऱ्यात आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान झोत वाहतो. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर येतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. जपानच्या आसपास तर तो जगातल्या सगळ्यात जोरदार झोतांपैकी एक असतो. पश्चिमेकडे जाणारं विमान या वाऱ्याला तोंड देत जातं, पूर्वेकडे येणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो.

दिल्ली–टोकियो सुमारे ५,९०० किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८५० आणि वारा ताशी १०० धरा. वाऱ्यासोबत जमिनीवरचा वेग होतो ९५०, वाऱ्याविरुद्ध ७५०. भागाकार केला तर एकीकडे सव्वासहा तास, दुसरीकडे पावणेआठच्याही वर. चढण्या-उतरण्याचा वेळ दोन्हीकडे यावर आणखी. त्याच दोन शहरांमध्ये, त्याच विमानात, दीड-पावणेदोन तासांचा फरक निव्वळ वाऱ्याचा. म्हणून जपानहून परतीच्या दिवशी पुढची गाडी धरताना जातानाचे तास गृहीत धरू नका.

पावसाळ्यात चित्र बदलतं. हा पश्चिमेचा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर वरच्या थरात उलट पूर्वेकडून वारे वाहू लागतात. त्यामुळे मुंबई–दुबईच्या जाण्या-येण्यातला फरक जुलैत जेवढा असतो त्यापेक्षा जानेवारीत जास्त दिसतो.

आकाशातले वळसे

विमान नेहमी धाग्याच्या रेषेवरून जातंच असं नाही. दिल्ली–टोकियोची सरळ रेषा तिबेटच्या पठारावरून जाते. त्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरच्या घरात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरवर उतरावं लागतं. तिबेटवर तर खालची जमीनच त्याहून उंच. म्हणून विमानं सहसा दक्षिणेकडून, म्यानमार आणि दक्षिण चीनच्या बाजूने वळसा घेऊन जातात.

दुसरा वळसा राजकारणाचा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही त्यांच्या विमानांना बंद केलं. त्याचा मोठा फटका दिल्ली, अमृतसरसारख्या उत्तरेकडच्या शहरांतून पश्चिमेला जाणाऱ्यांना बसला. मुंबईहून अरबी समुद्रावरून सरळ आखातात जाणाऱ्यांना तो तसा जाणवला नाही. दुबईला 'दिल्लीमार्गे स्वस्त' तिकीट दिसलं तर हे लक्षात असू द्या. आधी हजारेक किलोमीटर उत्तरेला जायचं आणि वर हा वळसा.

खरा वेळ पाहायचा सोपा मार्ग आहे. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आपल्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्यात ते रोज किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं हे दिसतं. रोज तासभर उशिरा सुटणारं विमान असेल तर ते तिकीट काढण्याआधीच कळतं. माझ्या मते यावर दहा मिनिटं घालवण्यासारखी दुसरी मेहनत नाही.

तिकिटावरची दोन घड्याळं

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मस्कतचंही तेवढंच. दोहा आणि रियाध अडीच तास मागे. बँकॉक दीड तास पुढे. सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग अडीच तास पुढे, आणि चीन एवढा पसरलेला असूनही सगळीकडे हीच वेळ. टोकियो साडेतीन तास पुढे. कोलंबोचं घड्याळ आपल्याबरोबर, काठमांडू पाव तास पुढे. या सगळ्या ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची पद्धत नाही, त्यामुळे हे फरक वर्षभर सारखेच राहतात.

आता एक तिकीट वाचू. 'मुंबई १९:००, दुबई २०:४५.' वरवर पाहिलं तर पावणेदोन तास. पण दुबईत २०:४५ वाजतात तेव्हा सोलापुरात २२:१५ झालेले असतात. १९:०० ते २२:१५ म्हणजे सव्वातीन तास. परतीचं तिकीट: 'दुबई २२:००, मुंबई ०२:२०', आणि शेजारी बारीक अक्षरात अधिक एक. दिसतात चार तास वीस मिनिटं. दुबईचे २२:०० म्हणजे आपले २३:३०. तिथून ०२:२० पर्यंत २ तास ५० मिनिटं. तो अधिक एक म्हणजे उतराल तेव्हा तारीख बदललेली असेल.

रीत एकच: दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजा करा. पूर्वेलाही तसंच. 'हैदराबाद ००:३०, बँकॉक ०५:४०' दिसलं, की ०५:४० मधून दीड तास काढा, ०४:१० आले, म्हणजे प्रवास ३ तास ४० मिनिटांचा.

रात्री बारानंतरची तारीख

आखातात आणि पूर्वेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटे या वेळात सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असं असतं आणि माणूस १५ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर होतो. तोवर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. शिकलेल्या, रोज प्रवास करणाऱ्या माणसांच्या हातूनही हे होतं, कारण आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते.

१५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास विमानतळाच्या दारात. मुंबईत तेवढ्या वाजता पोचायचं तर सोलापूर १४ च्या सकाळी सोडायचं. म्हणून रेल्वेचं आरक्षण १४ चं, विमानाचं १५ चं. दोन तिकिटांवर दोन तारखा दिसणं इथे बरोबर आहे. दोन्हींवर एकच तारीख असेल तर थांबून पुन्हा तपासा. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर विमानाच्या तारखेला खूण करू नका, घर सोडायच्या तारखेला करा, आणि तिथेच वेळही लिहा.

उलटीकडून मोजा

आता सगळं जोडू. हिशोब विमानापासून सुरू करून मागे सोलापूरकडे यायचं.

संध्याकाळी ७ चं मुंबई–दुबई विमान धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे दुपारी ४. बॅगा घेणारी खिडकी साधारणपणे विमानाच्या तासभर आधी बंद होते, आणि ती बंद झाली की कुणाची ओळख चालत नाही. मुंबईतल्या रस्त्यांसाठी अजून दोन तास हाताशी ठेवा, म्हणजे दुपारी २. सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून सुटणारी वंदे भारत साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचवते. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तो दिवस पाहून घ्या. सीएसएमटीवरून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत जाते. पूर्वी दादरला उतरून लोकलने अंधेरी आणि तिथून रिक्षा, असा बोजे उचलत प्रवास व्हायचा, तो आता वाचतो. जिने आणि चालणं धरून पाऊण-एक तास.

घरातून पहाटे सव्वापाचला निघालात, दुबईत पावणेनऊला उतरलात, पासपोर्टची रांग आणि बॅग यात तास गेला, आणि मेट्रोने किंवा टॅक्सीने दुबईतल्या देरा भागातल्या मुक्कामी सव्वादहाला टेकलात. सोलापुरात तेव्हा पावणेबारा. घर ते मुक्काम साडेअठरा तास, त्यातले विमानाचे सव्वातीन.

हे कमी करता येतं का? थोडंसं. सकाळी ११-१२ चं विमान असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस उत्तम. तास जवळपास तेवढेच लागतात, पण रात्र झोपेत जाते आणि मुंबईत सकाळी उतरता येतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी हीच गाडी सुचवतो, खालच्या बर्थचं आरक्षण लवकर करून.

होटगी रोडच्या विमानतळावरून १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईला विमान सुरू झालं. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, २०२३ साली तिचं पाडकाम, एवढं सगळं झाल्यावर सोलापूरला हे विमान मिळालं, त्यामुळे त्याचं कौतुक वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतं. ते चालू राहायचं तर सोलापूरकरांनी त्यात बसलं पाहिजे. पण परदेशी प्रवासाला ते जोडताना एक भान ठेवा: हे विमान ठरावीक दिवशी असतं आणि हवामानामुळे किंवा अन्य कारणाने रद्द झालं तर लगेच दुसरं नसतं. त्या दिवशी रस्त्याने मुंबई गाठता येईल एवढा वेळ, म्हणजे किमान दहा तास, पुढच्या विमानाआधी असेल तरच ते धरा. नाहीतर आदल्या दिवशी मुंबईत जाऊन मुक्काम करा.

पावसाळ्यात हा मोकळा वेळ वाढवा. जून ते सप्टेंबर कर्जत–लोणावळ्याच्या घाटात दरड आली किंवा मुंबईत रुळांवर पाणी भरलं की गाड्या तासन् तास अडकतात. जुलै-ऑगस्टमधल्या परदेशी विमानासाठी त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशी मुंबईत किंवा निदान पुण्यात असा.

मध्ये थांबा असेल तर

थांब्याचं तिकीट स्वस्त असतं, पण आधी बघा की दोन्ही टप्पे एकाच आरक्षण क्रमांकावर आहेत का. एकाच क्रमांकावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते, आणि बहुतेक वेळा बॅग थेट शेवटच्या गावी मिळते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर उशिराची जबाबदारी तुमची. बॅग घ्यायची, पुन्हा रांगेत उभं राहून द्यायची, आणि काही देशांत तर बॅग घ्यायला बाहेर पडण्यासाठी व्हिसाही लागतो. अशा तिकिटांत मध्ये चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल २ ला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं, तोही वेळ धरा.

थांबा वाटेत आहे की आडवाटेला, हेही मोजा. हैदराबाद–टोकियो सरळ अंतर सुमारे ६,४०० किलोमीटर. बँकॉकमार्गे ते सातहजारांच्या थोडं वर जातं. सिंगापूरमार्गे ८,६०० च्या पुढे. दोन्ही तिकिटांवर 'एक थांबा' एवढंच लिहिलेलं असतं. पण दुसऱ्यात सरळ अंतराच्या मानाने अडीच तासांपेक्षा जास्त उड्डाण फुकट वाढतं. चार-पाच हजार रुपये वाचत असतील आणि वय पंचविशीचं असेल तर हरकत नाही. आई-वडिलांना पाठवताना मात्र हे करू नका.

बॅगेबद्दल एकच, कारण सोलापूरच्या घरांत हे हमखास होतं. शेंगा चटणी, कडक भाकरी, काळं तिखट हे सगळं मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तिखट सुरक्षा तपासणीत अडवतात. आणि दुबईला किंवा अमिरातीत कुठेही जात असाल तर मसाल्यात खसखस नाही ना, हे करणाऱ्या बाईंना विचारून घ्या. तिथे खसखशीवर बंदी आहे आणि ती सापडली तर प्रकरण गंभीर होतं.

परतीचा दिवस

जाण्याची आखणी सगळे करतात, परतीची कुणी करत नाही. मघाचं तिकीट घ्या: मुंबईत ०२:२० ला उतरणार. पासपोर्ट, बॅग, कस्टम होईपर्यंत साडेतीन-चार. मेट्रो तेव्हा सुरू नसते. पहाटे त्या सुन्न डोक्याने टॅक्सीवाल्याशी भाव करत बसण्यापेक्षा विमानतळाच्या आत उजाडेपर्यंत बसा, चहा घ्या, आणि सकाळी आठनंतरचीच गाडी धरा. विमान दोन तास उशिरा आलं तरी ती सुटणार नाही. वंदे भारत मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास सुटते आणि रात्री उशिरा सोलापूरला येते. मधले दहा-बारा तास काढायला मुंबईत कुणी नातेवाईक असेल तरच तिची वाट बघा.

स्वतःची गाडी बोलावली असेल तर ड्रायव्हरला आदल्या दिवशी मुंबईत येऊन झोपायला सांगा. सोलापूरहून सात-आठ तास गाडी चालवत आलेल्या माणसाने तसंच पहाटे परत फिरायचं, हे मी कुणालाही करू देत नाही. घरच्यांना मात्र पोचण्याची वेळ सांगताना भारतीय वेळ आणि भारतीय तारीख सांगा, आणि विमानाचा क्रमांक पाठवून ठेवा. म्हणजे आई रात्रभर फोन हातात घेऊन बसणार नाही, विमान कुठवर आलं ते नातवंडं तिला मोबाईलवर दाखवतील.